निरोगी गटातलं रक्त

मैलापूर, चेन्नई

श्री. श्रीनिधी यांस,

जावयाला लिहायचा आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. हे पत्र टाकणार नाही, म्हणूनच लिहितो.

रक्तगटाच्या खुणा शरीरातल्या इतर पेशींवरही असतात आणि कर्करोगात त्यातल्या काही पुसल्या जातात. माझं संशोधन त्यावरच आहे. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं, म्हणून माझी गोदा दर वर्षी प्रयोगशाळेत येऊन देते. या खेपेला म्हणाली, "अप्पा, बाही नका वर करू." मी केली. दंडावर तुमची बोटं काळीनिळी उमटली होती, त्यांच्या वर सिगारेटचे चटके. नळीवर 'निरोगी' ही चिठ्ठी मी आधीच लावली होती.

तसाच तांबरमला तुमच्या घरी आलो. तुम्ही हसलात. "मामा, तुम्ही तुमचे उंदीर कापा. बायको माझी आहे."

दाराशी पाण्याची स्टीलची घागर होती. ती तुमच्या तोंडावर मारली. नाकाचं हाड मोडलेलं ऐकू आलं, तरी थांबलो नाही. तुम्ही खाली पडल्यावरही मारत राहिलो. रोज संध्या करणाऱ्या या हातांना तेव्हा बरं वाटत होतं, हे देवाला सांगून झालं आहे.

माझ्या घरी परतल्यावर गोदेनं माझ्या हातांवर पाणी घातलं. टॉवेल घ्यायला मी हात वर केला, तर तिनं चेहरा झाकला आणि भिंतीला चिकटून खाली बसली. "नको, अप्पा."

पोलिसांना मी सगळं सांगणार आहे, तुमचं आणि माझंही. आता दाराबाहेर बसलो आहे. ती बोलावील तेव्हाच आत जाईन.

गोदेचा बाप,
पद्मनाभ