बाबांच्या रायफलीचं काडतूस

॥ श्री ॥
पेडणे, १२ मार्च १९८७

चि. शिवदासला दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. काजूत डुकरांनी उच्छाद मांडलाय. बाबांची पोर्तुगीज काळातली रायफल परवान्यासकट आहे, पण डब्यात काडतुसं चारच. शेजारच्या सुदेशच्या हाती एक पाठवतोय. रायफलीवरचा ठसाही कागदावर घासून दिलाय. तशी आणखी कुठे मिळतील, बेळगावला चौकशी कर.

बाबांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही, पण पडवीत रोज वाघाच्या शिकारीची गोष्ट चालू. शेवटी माझ्याकडे तोंड करून म्हणतात, याच्यानं साधं डुक्कर मारणं होत नाही. लहानपणापासून ऐकतोय.

लोभ ठेव.
सगुण

फोंडा, ९ मे १९८७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बेळगावच्या बंदूकवाल्याने जुनी पुस्तकं चाळली. म्हणाला, या ठशाच्या रायफलीत हे काडतूस शिरणारच नाही, जाड आहे. खरं काडतूस बनवणं केव्हाच बंद झालं. मी बाबांच्या शिकारीचं सांगितलं, तर मग या काडतुसाने वाघ मारला कसा, असं विचारून तो हसला.

हे बाबांच्या कानी घालू नकोस. त्यांच्याकडे तेवढी एक गोष्ट उरलीय.

वहिनीला नमस्कार. कृपा असू द्यावी.
शिवदास

पेडणे, २ जून १९८७

चि. शिवदास, आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेवर आलं. गोवा राज्य झाल्याच्या आनंदात परवा वाड्यावरची माणसं आपल्याकडे जेवायला होती. बाबांनी वाघ काढलाच. मी रायफल उतरवली, काडतूस त्यांच्या हातात दिलं आणि भरून दाखवा म्हटलं. बराच वेळ चाचपडत होते. मी मदत केली नाही. कुणीतरी हसलं, मग सगळेच. आता त्यांना ‘वाघमारे’ म्हणतात.

तुझ्या वहिनीने अबोला धरलाय. मला मात्र छान झोप लागली.

सगुण

फोंडा, २१ जून १९८७

दादास नमस्कार.

वाळपईला लाडू गावस भेटले, बाबांचे शिकारीचे सोबती. त्यांच्याकडे आपल्या रायफलीची खरी काडतुसं आहेत, बारीक, हिरवी पडलेली. वाघ पडला तेव्हा ते बाबांच्या शेजारी उभे होते. डब्यातली काडतुसं बाबांनी गोवामुक्तीनंतर पोर्तुगीजांच्या ओस चौकीतून उचललेली. तोवर बाबांनी शिकार सोडली होती, म्हणून कुणी कधी बसवून पाहिली नाहीत.

दादा, वाघ खरा होता. मला रजा नाही, रविवारी लाडूकाकांना पाठवतो. तीच माणसं बोलाव.

शिवदास

पेडणे, ५ जुलै १९८७

चि. शिवदास,

काका आले. सगळ्यांसमोर त्यांनी काडतूस अलगद बसवून दाखवलं, शिकार सांगितली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘लाडू, तुझी चूक होता. वाघ मी मारूक नाय. सगुणान सांगल्यान ता खरा.’

काकांनी हात धरून त्या जागेची, त्या ओहोळाची आठवण करून दिली. बाबा नकारार्थी मान हलवत राहिले. काका न जेवता परतले.

आता कुणी विचारण्याआधी बाबाच सांगतात, आपण खोटं बोललो होतो. काल मी पाय धरले. म्हटलं, बाबा, वाघ तुम्हीच मारलात. त्यांनी माझ्या आवाजाच्या रोखाने पाहिलं आणि म्हणाले, ‘तू म्हणतस तर मारलो असतलो.’

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
सगुण