दोन श्रावण आणि एक काठी

१६ जून १९५८, सोमवार

नलू गेली. मामंजी सकाळीच तिला कल्याणला, माहेरी न्यायला आले होते. आखाड लागायच्या आत पोचायचं म्हणे. लग्नानंतरचा पहिला आखाड, नव्या सुनेनं सासूचं तोंड बघायचं नाही — आईनं चार वेळा सांगितलं. माझ्या तोंडाचं काय? त्याचं कुणालाच पडलेलं नाही!

मामंजी माझ्याशी मोजून बोलले. त्यांच्या मनातून लग्नातला प्रकार अजून गेलेला नाही. मंगलाष्टकं संपतात न संपतात तोच माझा मित्र आनंदा ओरडला होता, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र —" आणि आमची सगळी वाडी, "झालाच पाहिजे!" मामंजी मामलेदार कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून, सरकार म्हणेल ते खरं मानणारे. "लग्न आहे की मोर्चा?" म्हणाले होते.

आरशाच्या फळीवर तिचा केसांचा चाप राहिलाय.

१८ जून, बुधवार

चाप तिथेच आहे. आई उचलायला गेली, तिच्यावर उगाच ओरडलो.

२२ जून, रविवार

दिवस जाता जात नाही. एरवी रविवारी संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम असतं, आजही होतं, पण चित्त नव्हतं. आनंदा म्हणाला, "चिंत्या, तू पत्रकं वाटतोयस की तेराव्याचं आमंत्रण?"

नलू होती तेव्हा संध्याकाळी मी घरी कधी असायचो? आता रोज सहाला घरी. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आमच्या खिडकीकडे बघत येतो. खिडकी रिकामी.

चार आठवडे. मग दिव्यांची अवस, मग श्रावण. श्रावणात येईल.

२९ जून, रविवार

आज वेडेपणा केला. कल्याणला गेलो!

आखाडात जावयानं सासुरवाडीचा उंबरा चढायचा नसतो, ठाऊक आहे. पण नुसतं लांबून दिसली तर — म्हणून दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीच्या काठाने घुटमळत होतो. तर समोर मामंजी! डोक्यावर इरलं, हातात बारीकशी काठी.

"चिंतामणराव? इकडे कसे?"

तोंडाला येईल ते बोललो. "खाडीत पाला मासा चढलाय म्हणतात. बघायला आलो."

"गरवता का तुम्ही?"

"थोडंफार."

जन्मात गळ टाकलेला नाही मी! गिरगावात वाढलो, मासा फक्त ताटात ओळखतो. मामंजींनी दुसरी काठी माझ्या हातात दिली. वेताहून जरा जाड, हलकी, मुठीला जुनं सुती कापड गुंडाळलेलं. गळाची दोरी म्हणजे केसासारखा बारीक तंगूस. गळाला जरीचा धागा बांधलेला. मी तंगूस फेकला तो मागच्या बाभळीत. काठावरचे कोळी हसले. मामंजी हसले नाहीत, झाडातून सोडवून दिला.

म्हणाले, पाला समुद्रातून नदीत चढतो तो उपाशी. काही खात नाही. पण चकाकी दिसली की तोंड मारतो. "आणि तोंड नाजूक. हिसका दिलात की फाटलं. त्याला जाऊ द्यायचं, तंगूस सोडायचा. दमला की येतो आपण होऊन."

जरीचा धागा हिरवट सोनेरी होता. नलूच्या शालूची जर तशीच आहे. "हे कोण बांधतं?" विचारलं.

"घरातलं माणूस," म्हणाले.

परत येताना तो गळ मागून घेतला. हे लिहितोय तेव्हा समोर आहे.

६ जुलै, रविवार

पुन्हा गेलो. आईला सांगितलं, समितीचं काम. देवा, समिती, माफ करा!

मामंजींनी डबा उघडला. माशाचं भुजणं आणि तांदळाची भाकरी. हात नलूचा आहे, मी सांगतो. कोथिंबीर देठासकट घालते ती. घर हाकेच्या अंतरावर, आणि मी दगडावर बसून डबा खातोय!

त्यांनी नियम घातलाय: पाण्याजवळ राजकारण नाही. मीच मोडला. म्हटलं, "हे द्विभाषिक राज्य फार दिवस टिकत नाही, लिहून ठेवा." ते म्हणाले, "टिकेल. दोघं एका घरात नांदू शकत नाहीत?" मी तावातावानं वळलो, आणि नेमका तेव्हाच ओढ लागली. खाडकन हिसका दिला. पाण्यात रुपेरी काहीतरी उलटलं आणि गेलं. गळाला ओठाची चिंधी तेवढी.

मामंजींनी ती चिंधी काढून गळ पुसला. मग म्हणाले, "पुढचा येईल." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१३ जुलै, रविवार

चार तास. एकही नाही. पण झाडातही नाही!

१६ जुलै, बुधवार

दिव्यांची अवस. आईनं समया, निरांजनं घासून ओळीनं मांडली. मी दाढी केली, चादर बदलली, चाप पुसून ठेवला. म्हटलं, "आई, उद्या आणायला कोण जाणार, मी की मामंजी आणून सोडणार?"

आई म्हणाली, "अरे चिंतू, यंदा अधिक नाही का? उद्यापासून अधिक श्रावण. अधिकात नवी सून आणत नाहीत. मग निज श्रावण लागला की तिची मंगळागौर माहेरी. ती झाली की येईल."

दोन श्रावण! भिंतीवर पंचांग टांगलेलं, रोज त्याच्याखाली जेवतो, आणि बघितलं नाही! बोटांवर दिवस मोजत बसलोय. ऑगस्टचा शेवट!

आनंदाला सांगितलं तर पोट धरून हसला. "सरकारनं दोन राज्यांचं एक केलं, पंचांगानं एका श्रावणाचे दोन. तुझी गाठ दोघांशी!"

आणि आई आत्ता काय म्हणाली? "अधिक काही खरा श्रावण नव्हे. उद्या पापलेट आण." अधिकात मासा चालतो, सून चालत नाही! काय बोलायचं!

२० जुलै, रविवार

काय लिहू.

काठावर गंगुबाई कोळीण टोपली घेऊन चालली होती. थांबली, माझ्या हाताकडे बघितलं. "अगो बाय! ही तर नलूची काठी! तुमी काठी धरलीव का छत्री? तिचा हात काय होता!"

मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी तंगूस गुंडाळून घेतला, मगच बोलले. काठी नलूचीच. सातवीत होती तेव्हापासून दर पावसाळ्यात ती ह्याच दगडावर उभी राहायची. त्यांच्यापेक्षा जास्त पाला तिनं काढला. लग्नात काठी बरोबर न्यायची म्हणत होती. तिच्या आईनं नाही म्हटलं, सासरचे काय म्हणतील.

मुठीवरचं सुती कापड तिच्या परकराचं असणार. एवढे रविवार मी ते हातात धरून उभा होतो.

मग मी विचारू नये ते विचारलं. "अधिक पाळायलाच हवा होता का? हल्ली कोण इतकं पाळतं?"

"आम्हीही तेच म्हटलं होतं. नलूच म्हणाली, पाळायचा."

"का?"

"मी बाप आहे हो, चिंतामणराव. बापाला कोण सांगतं? शनिवारी अधिकाचं वाण घ्यायला या. तेव्हा उंबरा चढायला हरकत नाही. तुम्हीच विचारा."

तीच नको म्हणाली. आखाड नाही, पंचांग नाही, मामंजींचं सरकार नाही. तीच.

२३ जुलै, बुधवार

झोप नाही. भूक नाही. पाल्यासारखा उपाशी चढतोय.

२६ जुलै, शनिवार

ऑफिस अर्ध्या दिवसाचं. कल्याणला गेलो. पाटावर बसवलं, सासूबाईंनी ओवाळलं, तेहतीस अनारसे डब्यात घालून दिले. नलू वाढत होती. रोड झाल्येय. बांगड्या कोपरापर्यंत जातात. मला आमटी वाढताना वर बघितलं नाही.

पान उचलल्यावर ओटीवर दोन मिनिटं सापडली. विचारलं, "का गं?"

तिनं पदर बोटाला गुंडाळला. "तिकडे मी दिवसभर खिडकीत. तुम्ही सभेला. आल्यावरही सभेचंच. तुमची सभा वाईट नाही हो. पण मी एकदा माझं सांगितलं होतं."

"काय?"

"चौपाटीवर. लोक गळ टाकून बसले होते. मी म्हटलं, मला येतं. तुम्ही हसलात. मग आनंदाभावजींना सांगितलंत, तेही हसले."

आतून सासूबाईंनी हाक मारली. गेली.

मला आठवत नाही! गाडीत बसून डोकं खाजवलं, चौपाटी आठवते, कणसं आठवतात, आनंदा आठवतो. हसलेलो आठवत नाही. नलूच्या मनात रुतून बसलंय आणि माझ्या आठवणीतही नाही. ह्याचीच लाज वाटते.

२७ जुलै, रविवार

आईला सगळं सांगितलं. बाईमाणूस गळ टाकतं म्हटल्यावर पदर तोंडाला लावेल असं वाटलं होतं. आई म्हणाली, "मग? घरात ताजा मासा येणार, वाईट काय? मी कुठे हसले? तू हसलास. आनंदाला सांगत होतास ते मी इथे ऐकलं होतं."

३ ऑगस्ट, रविवार

आज शिवाजी पार्कला समितीची सभा. व्यासपीठाजवळ माझी स्वयंसेवकाची जागा ठरलेली. नाही गेलो. आनंदा चिडला. "बायकोपायी महाराष्ट्र सोडलास?" म्हटलं, महाराष्ट्र येणारच आहे. बायकोचं नक्की नाही.

वरळीला गेलो, खडकांवर. तिथे बीडीडी चाळीतला राजाराम रविवारी गरवतो. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, तोंडात विडी. शिकवा म्हटलं. हसला, पण शिकवलं. म्हणाला, पावसात अवस-पुनवेला पाण्याजवळ फिरकायचं नाही, उधाण. अष्टमीपासून एकादशीपर्यंत पाणी नरम. आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

आल्यावर पंचांग भिंतीवरून काढलं. ह्या पंचांगावर मी काय जळलो होतो! आता मांडीवर घेऊन पाऊणपट करत बसलोय. आई विचारते, मुहूर्त बघतोयस का?

५ ऑगस्ट, मंगळवार

अनारसे संपले. डबा परत करायचाय. रिकामा डबा परत पाठवू नये, आई साखर घालत होती. "थांब," म्हटलं.

राजारामनं दिलेला मोठा गळ, वरळीच्या खडकातल्या माशांचा. आईच्या जुन्या पैठणीची जर मागितली. तिनं कुरकुर केली आणि दिली. तीनदा बोट टोचलं. गाठ कशीबशी बसली. कागदात गुंडाळून साखरेवर ठेवला. चिठ्ठी नाही. काय लिहिणार?

मामंजींचा पुतण्या फोर्टात कामाला आहे, त्याच्याकडे डबा दिला.

७ ऑगस्ट, गुरुवार

काही नाही. आनंदा आला, खिडकीत बसला. जाताना म्हणाला, "मी पण हसलो होतो ना रे तेव्हा?"

८ ऑगस्ट, शुक्रवार

तिनं डबा उघडला असेल. नसेलही.

मी ओढणार नाही. यायचं तेव्हा येऊ दे. पण ये गं.

९ ऑगस्ट, शनिवार

नलू आली! अधिकातच. एकटी. आधी हाक ऐकली, "अहो, जरा खाली या!" काठी जिन्याच्या वळणावर अडकली होती. मी वर, ती खाली, मधे काठी.

"हसू नका."

हसलो नाही.

"तुमची गाठ दोन ओढींत सुटेल. कुणी शिकवली?"

"राजाराम म्हणून एक आहेत, वरळीला."

आईनं आतून डोकावलं. मला वाटलं, आता अधिकाचा विषय काढते. म्हणाली, "उद्या एकादशी आहे गं. धर, पण खायचा परवा."

नलूनं काठी कोपऱ्यात उभी केली, चाप केसात लावला. "वरळीला उद्या भरती किती वाजता?"

"सव्वाआठ," म्हटलं. पंचांगाकडे बघावं लागलं नाही.