उजव्या मांडीचा पीळ

दादा,

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर शेफारशील.

परवा तुझी पेशंट, ती नृत्यशिक्षिका, माझ्याकडे स्कॅनला आली. तिच्या मोडलेल्या मांडीत तूच सळी घातली होतीस. एक्स-रेत हाड सरळ दिसत होतं, जखमही भरली होती, फक्त चालताना पाऊल आत वळत होतं. "चालून चालून जाईल," असं सांगून तुला मोकळं होता आलं असतं. तू मात्र दोन्ही पायांचं स्कॅन मागितलंस.

मध्येच पाय हलला तर माप फुकट जातं, म्हणून मी तिचे पाय पट्ट्यांनी बांधले. मग खुब्याजवळचं आणि गुडघ्याजवळचं चित्र एकमेकांवर ठेवून हाडाचा पीळ मोजला. दोन्हीकडे साधारण सारखा हवा; डावीकडे पंधरा अंश, उजवीकडे चाळीस. तुझ्यासाठी म्हणून पुन्हा मोजला. चाळीसच.

लहानपणी पत्त्यांत हरलास की, मी पत्ते नीट पिसले नाहीत म्हणून घर डोक्यावर घ्यायचास. त्यामुळे तू तिच्याकडे निघालास तेव्हा मी मनात म्हटलं, आता हा ऑपरेशनमधल्या मदतनिसावर ढकलणार, नाहीतर माझ्या मापावर!

तू स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलास. "हाड मी फिरवून बसवलंय. चूक माझी आहे. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी चिठ्ठी देतो."

तिने पावलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको, तुम्हीच करा. या वेळी मात्र मोजून!"

मी उगाचच स्क्रीन पुसत बसले.

तुझी,
पत्ते नीट न पिसणारी