दिली ती दिली

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. परवा औरंगपुऱ्यात भाजी घेताना एका जुन्या ओळखीच्या बाईनं माझ्या नातीबद्दल विचारलं, "कुठं दिली?" मला तुम्ही आठवलात.

निजामाच्या कचेरीत तुम्ही दिवसभर उर्दूत लिहायचात आणि घरी आम्हा दोघी बहिणींना शब्दांचे अर्थ सांगायचात. आक्काला फुलंब्रीला दिली तेव्हा ती चौदाची, मी नऊची. मी विचारलं होतं, "गाय देतात, तशी दिली का?" तुम्ही हसलात. शेजारच्या खाला म्हणाल्या, "हमारे में भी दी-च बोलते, बेटी."

पुढच्या उन्हाळ्यात आक्का एकटीच चालत आली. स्वयंपाकघरात आई तिच्या पायांना तेल लावते आहे, आक्काच्या तोंडातला घास तोंडातच आहे. पाठीवर वळ. "अप्पा, मला तिथं नाय राहायचं. इथं पडंल ते काम करीन." तुम्ही दारातच उभे. "दिली ती दिली. दिलेलं माघारी घेत नसतात." मी मध्येच बोलले, "तिला विचारून दिली होती का?" तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. ऊन उतरायच्या आत टांगा आणून तुम्ही स्वतः तिला पोचवून आलात. दिवाळीच्या आधी ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

तेरावं झाल्यावर तिचे सासरे आले. म्हणाले, "आता धाकटी द्या. नातं तुटायचं नाय." तुम्ही म्हणालात, "एक दिली. आता देण्यासारखं माझ्याकडं काय नाय." ते चहाही न घेता उठले. दुसऱ्याच आठवड्यात हाताला धरून तुम्ही मला मुलींच्या शाळेत घातलंत. पुढं माझं लग्न झालं, तेव्हा 'तिचं लग्न झालं' एवढंच तुम्ही लोकांना सांगायचात. मी शिकले ती कुणामुळं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. आपण ते कधी बोललो नाही.

एक मात्र तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं. आक्काचे सासरे उठून निघून गेल्यावर मी आत जाऊन हमसून रडले. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "रड. तुझी आक्काच होती." अप्पा, आक्का गेल्यापासून माझ्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी मी रडले, ती मी सुटले म्हणून.