बारमाही होडी

केतकीपाल,
२० जुलै १९९१

चि. बाइधर यास अपाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जूनमध्ये रजा-पर्वाच्या सणाला येतो म्हणालास आणि आला नाहीस. तुझ्या वाट्याचा पोडपिठ्याचा गोड तुकडा दोन दिवस झाकून ठेवला, शेवटी मुंग्यांनी सण केला. जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क झालेल्या भावाला आपल्या अपाची, थोरल्या बहिणीची चूल आठवत नसेल, तर बायको म्हणून बिनोदिनीने तरी कान धरावा.

शाळा सुरू आहे. छप्पर गळतं, म्हणून मी दोन्ही वर्ग एकाच कोपऱ्यात बसवते. गावात खरी चिंता वेगळीच आहे. आपल्या उपकेंद्रातल्या प्रमिला नर्सबाईंची जूनमध्ये बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. औषधांची पेटीसुद्धा त्यांच्याबरोबर गेली. जाताना त्या रडल्या. म्हणाल्या, वरून हुकूम आहे, मी काय करू?

आपल्या नावाड्याची, अर्तची बायको झुनु आठव्या महिन्यात आहे. पाय सुजलेत. नदी फुगली, की होडी बंद, आणि दवाखाना पलीकडे. असे हुकूम निघतात त्याच कचेरीत तू बसतोस. हा हुकूम कोणी काढला ते जरा बघ. आपली सुईण सेबती मावशी तर म्हणते, ज्याने लिहिलं त्याला एकदा प्रसूतीच्या खाटेवर झोपवा.

पत्राला उत्तर पाठव, नाहीतर मीच येऊन बसेन.
तुझी अपा


२ ऑगस्ट १९९१

ती. अपास बाइधरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कामाच्या रगाड्यात उत्तराला उशीर झाला. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. दोन खोल्या आणि नळ घरात, म्हणून बिनोदिनी खूश आहे. तू ये, तुला कपडे धुवायला घाटावर जावं लागणार नाही.

नर्सबाईंचं विचारलंस. बदल्यांचं टेबल वेगळं असतं, तरी चौकशी करतो. कागद हलायला वेळ लागतो, तुला ठाऊकच आहे. झुनुला म्हणावं, मीठ कमी खा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा बाइधर


केतकीपाल,
२९ ऑगस्ट १९९१

चि. बाइधर यास आशीर्वाद.

झुनु गेली.

सोमवारी सकाळी सेबती मावशीने बाळंतपण केलं. मुलगी झाली, चांगली रडली. आम्ही गरम पाणी आणायला उठलो, तोवर रक्त सुरू झालं ते थांबेना. मावशी म्हणत होती, प्रमिलाबाई अशा वेळी एक सुई देतात आणि थांबतं. पण ती सुई त्यांच्या पेटीत, आणि पेटी दहा कोसांवर.

पुरामुळे महिनाभर होडी बांधून ठेवलेली. अर्तने तीच सोडली. मी झुनुचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ओढ एवढी, की होडी खाली वाहत गेली आणि पलीकडे लागेपर्यंत दुपार झाली. मध्ये कधीतरी तिने मला विचारलं, की मुलीला कोणी पाजलं का. मी हो म्हटलं. त्यानंतर ती बोलली नाही. अर्तला मागे वळून बघता येत नव्हतं, वल्हं सोडलं असतं तर सगळेच गेलो असतो. त्याला काठावर कळलं.

मुलीला त्याची वहिनी पाजते आहे.

काल बायका माझ्या शाळेत जमल्या. आम्हाला तो कागद हवा, ज्यावर आमची नर्स उचलायचं ठरलं. त्यात काय लिहिलंय ते एकदा वाचायचंय. त्याची नक्कल मिळवून दे. एवढं तरी कर.

अपा


६ सप्टेंबर १९९१

ती. अपाच्या पायांशी नमस्कार.

नक्कल सोबत ठेवली आहे. खालच्या टिपणाचं अक्षर तू ओळखशीलच. लहानपणी तूच गिरवून घेतलंस.

मार्चमध्ये साहेबांनी बोलावलं. आमदारांच्या सासुरवाडीला नर्स हवी होती, आणि कुठून तरी उचलल्याशिवाय देता येत नव्हती. साहेब म्हणाले, केतकीपाल तुमचंच गाव ना, मग माहिती तुम्हीच लिहा. मी लिहिलं, की गावात रुग्ण थोडे आहेत आणि नदीवर होडी बारमाही चालते.

अपा, बारमाही हा शब्द साहेबांनी सांगितला नव्हता. टिपण पक्कं दिसावं म्हणून मी घातला. जूनमध्ये क्वार्टरची किल्ली मिळाली. तसं कोणी बोललं नाही, पण मला कळत होतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा बोललो असतो, तर हुकूम फिरवायला महिनाभर हाताशी होता. मी तुला नळाचं कौतुक लिहिलं. आता नळ सोडला, की मला बसवत नाही. बिनोदिनीला अजून सांगितलेलं नाही.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाही.
बाइधर


केतकीपाल,
१५ सप्टेंबर १९९१

बाइधर,

वर आशीर्वाद आणि खाली अपा लिहायला हात उठला नाही.

तुझं पत्र तीन दिवस पेटीत ठेवलं. फाडावं असंही वाटलं, भाऊ आहेस. मग अर्तकडे गेले आणि वाचून दाखवलं. तो जाळं विणत होता. त्याने एवढंच विचारलं, की बारमाही लिहिताना बाइधरभाईंना माझी होडी दिसली का. दर पावसाळ्यात तूच त्याच्याबरोबर ती किनाऱ्यावर ओढायचास.

मला रडून दाखवू नकोस. खरं काय ते कागदावर लिही, खाली नाव घाल आणि वरच्या साहेबांकडे दे. नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. काही होऊ नये असंही म्हणणार नाही. बिनोदिनीला आधी सांग, तिला कचेरीतून कळू देऊ नकोस.

सुकांती


केतकीपाल,
१९ जानेवारी १९९२

चि. बाइधर यास,

तुझ्या लेखी जबाबाची नक्कल मिळाली. क्वार्टर गेलं, तुला डोंगराकडच्या आडगावी टाकलं, हेही कळलं. बिनोदिनीचं वेगळं पत्र आलं. ती चिडली आहे, पण तुझ्याबरोबर गेली, यात सगळं आलं.

नर्सचा हुकूम अजून फिरलेला नाही. चौकशी चालू आहे म्हणतात. आम्ही वाट बघत बसलो नाही. पलीकडे दवाखान्याला लागून एक तुकडा जमीन मागून घेतली. घराघरातून बांबू आणि पेंढा आला, बायकांनी भिंती लिंपल्या. पावसाळ्यात ज्यांचे दिवस भरत येतील, त्यांनी नदी चढायच्या आधीच तिथे जाऊन राहायचं. सोबतीला पाळीपाळीने एक बाई. प्रमिलाबाई सुटीच्या रविवारी स्वतःहून येतात, सगळ्यांना तपासतात आणि सेबती मावशीला हात धुण्यावरून रागावतात. छप्पर अर्तने शाकारलं. तो त्या खोलीत शिरत मात्र नाही.

झुनुने मुलीबद्दल विचारलं तेव्हा मी पाहिलंही नव्हतं आणि हो म्हटलं. तेही माझ्या डोक्यावर आहे. तुला एकट्यालाच झोप लागत नाही असं समजू नकोस.

तू यायचं म्हणतोस. मी अर्तला विचारलं. त्याने आधी होडीतलं पाणी उपसून टाकलं. मग म्हणाला, येऊ दे. घाटावर उभं राहून हाक मार म्हणावं. पलीकडून आणीन. बोलेनच असं नाही.

अपा