गेजला लावलेलं कुंकू

सोमवार, १ ऑक्टो. ८४

वसंताला सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीचा मोठा साहेब करून महिना झाला. पण लेक तिथं नेमकं काय करतो ते मला अजून कळलं नव्हतं. मशीन चालवत नाय, काही बनवत नाय, तरी त्याची सही नसली तर माल गेटाबाहेर जात नाय म्हणे. आज विचारलंच. म्हणाला, "आई, दुसऱ्यांनी केलेलं बरोबर हाय का ते बघतो." म्हटलं, "म्हणजे सासूचं काम." सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

बुधवार, ३ ऑक्टो. खंडेनवमी

कारखान्यात मशिनींची पूजा, घरच्यांना बोलावणं. दिराच्या मळ्यातला झेंडू नेला, दोन पाट्या. नात मंगल बरोबर. फरशी अशी लख्ख की जेवायला बसावं. वसंता शेठबरोबर फिरत होता, मी त्याच्या तपासणीच्या खोलीत शिरले. तिथला रामदास भला माणूस. त्यानं गेज दाखवलं. बोटाएवढं पोलादी दांडकं, दोन टोकांचं. स्कूटरच्या ब्रेकच्या तुकड्याला भोक असतं, त्यात बारीक टोक जायलाच पाहिजे. जाड टोक जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं, तुकडा बाद.

चारदा घालून पाहिलं. लय गंमत वाटली. खोटं पकडतं ते जाड टोक, म्हणून तेलात कालवलेलं कुंकू त्यालाच लावलं, चांगलं दाट. रामदासनं हात जोडले.

शनिवार, ६ ऑक्टो.

वसंता आला, जेवायला बसला तो ताटावरून तसाच उठला. म्हणाला, कुंकू वाळून गेजचं ते टोक केसभर जाड झालं होतं. काल दिवसभर मोठी भोकंसुद्धा पास झाली. बारा खोकी पुण्याला गेली.

"रामदासनं पुसलं का नाय?"

"साहेबांच्या आईनं लावलेलं कसं पुसू, म्हणाला."

ब्रेकचं काम. भोक ढिलं बसलं आणि कुणाचा ब्रेक लागला नाय तर...

रविवार, ७ ऑक्टो.

एवढंसं कुंकू, त्यानं काय होतंय, असं मनात येतच होतं. मंगल म्हणाली, आजी, करून बघू. कणीक मळली, हाताला तशीच वाळू दिली. रोज सहज निघणारी बांगडी काढायला गेले तर अंगठ्यापाशी अडली. हात धुतला, आली. पुन्हा कणीक लावली, पुन्हा अडली. मंगलला भूक लागली तरी आमचं चालूच. सूनबाई म्हणाली, "आता पोळ्या कोण करणार?"

सोमवार, ८ ऑक्टो.

शेठ म्हणतात गप्प बसा. खोकी अजून फोडली नसतील, सगळेच तुकडे काही वाईट नसतील. परत मागवली तर पुणेवाले पुन्हा माल घेणार नाय. वसंता म्हणाला, मी सांगणार. शेठ म्हणाले, मग साहेबाच्या खुर्चीचं काय ते मी बघतो.

घरी आल्यावर पुणेवाल्यांना चूक कळवायचा कागद लिहीत बसला. म्हटलं, माझं नाव लिही, मीच जाऊन शेठला सांगते. "तुझं नाय लिहायचं, आई. हत्यार हातात घेतल्यावर आधी पुसायचं, हा नियम मी घालायला हवा होता. माझंच लिहिलंय." माझ्या आजोबांसारखं अक्षर आहे त्याचं, मागं कललेलं. आजोबा दुसरीनंतर मला शाळेत पाठवायचं नाय म्हणाले होते, ते असो.

मंगळवार, ९ ऑक्टो.

वसंता सकाळच्या एस.टी.नं पुण्याला गेला. शेठला न विचारता. चांगलं गेज रुमालात गुंडाळून नेलं, बाराही खोकी तिथंच तपासणार. सूनबाईनं दुपारपर्यंत धुणं तसंच भिजत ठेवलं. मग म्हणाली, "गेले ते बरंच केलं," आणि धुणं घेऊन बाहेर गेली.

पाळी सुटल्यावर रामदास आला. पाणी प्यायला, बसला नाय. म्हणाला, आज शेठ वसंताच्या खुर्चीत बसले होते. कपाटातलं एकेक गेज काढायला लावलं, समोर पुसून घेतलं, मग ते हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहत होते. तासभर.

"रागात होते का?"

"नुसतं 'पुढचं द्या' म्हणत होते, आजी."

"मग पाहत कसे होते?"

रामदासनं हातातला रिकामा पेला सदऱ्याला पुसला आणि उजेडाकडे धरून दाखवला.