हेल्मेटवाले काका, तीन महिने गैरहजर

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांना इथूनच हात लावतो. (समोर आलो तर तुम्ही पाय आखडून घ्याल, याची खात्री आहे.) तब्येत कशी आहे ते विचारत नाही. मामी आईला फोनवर म्हणाल्या, सदरे खांद्यावरून उतरतात आणि खोकला हटत नाही. मला काय कळायचं ते कळलं.

मी बरा आहे. एचआयव्हीच्या गोळ्या सहा वर्षं बिनचूक चालू आहेत. घरात हे एकट्या तुम्हाला ठाऊक, आणि ते कसं ते खाली येईलच. या छापखान्यात लागल्यापासून फोरमनला मी दर महिन्याला दाताचं कारण सांगतो. त्याच्या मोजणीनं माझे आजवर एकेचाळीस दात उपटून झालेत. (म्हणून त्याच्यासमोर हसत नाही. तिथे हसण्यासारखं काही नसतंच.)

आता आमच्या दवाखान्यातली सुधारणा ऐका. पेशंट येईनासे झाले, तेव्हा वरून हुकूम आला की पेशंटांचा सहभाग वाढवा. पूर्वी बाकं भिंतीकडे तोंड करून होती, कुणी कुणाला दिसत नसे. ती काढून खुर्च्या गोल मांडल्या, का तर आपलेपणा वाटावा. मग प्रश्नावली आली, ‘आपण दवाखान्यात येणं का टाळता?’ ती वाटली कुणाला, तर आलेल्यांना! जे आलेच नाहीत त्यांच्यापुढे ‘तक्रार नाही’ लिहून टाकलं. आणि मी कधी चुकत नाही म्हणून मला पेशंटांचा प्रतिनिधी केलं. बैठक ऐन कामाच्या वेळेत, म्हणजे आणखी एक दात गेला.

बैठकीत गैरहजर लोकांची यादी फिरली. नावं गुप्त राहावीत म्हणून समुपदेशक बाईंनी नुसत्या खुणा लिहिल्या होत्या. चौथी ओळ, ‘हेल्मेटवाले काका, तीन महिने गैरहजर’. खुर्चीत बसूनसुद्धा डोक्यावरून काढत नसत, असं बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो, सगळे दात दाखवून. तुमच्याकडे साधी सायकल नाही मामा, हेल्मेट कुणाचं मागून आणलंत?

मी सुचवलं, खुर्च्या पुन्हा भिंतीकडे फिरवा. दवाखान्याचे साहेब म्हणाले, मग वर पाठवायचा फोटो नीट येत नाही. विषय संपला.

माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण गोळ्यांवर राग काढू नका.

तुमचा भाचा

ता.क. मी माझा वार बदलून शुक्रवार घेतलाय. मंगळवार आता तुमचा, ओळखीचं कुणी भेटणार नाही. गोळ्या मध्येच सुटल्या हे डॉक्टरांना आधी सांगा, ते ओरडत नाहीत. मामींनाही तपासून घ्यावं लागेल. ते त्यांना तुम्हीच सांगायचं.

आणखी एक ता.क. तुम्हाला मी यादीवरून ओळखलं असं वाटत असेल, तर ते खरं नाही. तीन महिन्यांपूर्वी त्या गोलात तुम्ही माझ्या अगदी समोर होतात. काच वर करून मला घरच्या नावानं हाक मारलीत. मी ती ऐकली होती. टोकन पडल्याचं सोंग करून खाली वाकलो, आणि वर पाहिलं तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती. बैठकीत सगळे दोन तास कारण शोधत होते आणि कारण तिथेच बसून चहा पीत होतं. तेव्हा शुक्रवारचं वर लिहिलंय ते खोडा. मंगळवारी मी दारातच उभा राहतो. या वेळी हाक मी मारीन.